घाटातली खरखर आणि सासूबाईंची रत्नागिरी

प्रवासाला निघायचं म्हटलं, की आपण बायका आधी यादी करतो. दशम्या, लोणचं, पाण्याच्या बाटल्या, आलेपाक, गाडी लागणाऱ्यासाठी लिंबू, मुलांचे जादा कपडे. गाडीचं तेल-पाणी आणि चाकातली हवा घरातली पुरुषमंडळी बघतात. राहतो तो गाडीतला रेडिओ. त्याची यादी कुणीच करत नाही. गाव सोडेपर्यंत तो गोड गातो, घाट लागला की खरखरतो. मग गाडी चालवणारा एका हाताने बटणं दाबत सुटतो, मागून मुलं "बाबा, गाणी लावा ना" म्हणून ओरडतात, आणि शेवटी "बिघडलाय मेला, नवा घ्यायला हवा" असा निकाल लागतो.

मैत्रिणींनो, शंभरातल्या पुष्कळ वेळा तो बिघडलेला नसतो. खरखर कुठल्या जातीची आहे हे कळलं, तर ती आपल्याला बरंच काही सांगते. डोंगर कुठे आहे, दोष गाडीत आहे की बाहेर आहे, आणि हो, दुकानात पैसे मोजायची गरज आहे की नाही हेसुद्धा. मला हे शिकावं लागलं ते रत्नागिरी ते पुणे या एका प्रवासामुळे, आणि त्या प्रवासात पुढच्या सीटवर बसलेल्या माझ्या सासूबाईंमुळे.

२०१३ सालची दिवाळी होऊन गेली होती. सासूबाई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची दृष्टी जवळजवळ नेलेली. उजेड आणि अंधार एवढाच फरक कळे. पावसच्या अलीकडे आमचं चिरेबंदी घर आहे. सासरे गेल्यापासून त्या तिथे एकट्या राहत. त्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि दोन तास तशाच पडून राहिल्या. शेजारची मुलगी दूध घालायला आली म्हणून कळलं. त्यानंतर ह्यांनी ठरवलं, आईला आता पुण्याला न्यायचं. घर बंद करायचं.

त्यांनी विरोध केला नाही. फक्त स्वयंपाकघरातल्या फळीवरचा जुना ट्रान्झिस्टर स्वतःच्या हाताने पदरात गुंडाळून घेतला. दिसेनासं झाल्यापासून त्यांचं घड्याळ तेच होतं. सकाळी मंगलवाद्य लागलं की चूळ भरायची, बातम्या लागल्या की चहा, शेतीचा कार्यक्रम लागला की दिवेलागण. भिंतीवरच्या घड्याळाशी त्यांचा संबंध संपला होता, आकाशवाणी रत्नागिरीशी मात्र पक्का होता. गाडीत बसल्यावर पहिलं वाक्य काय, तर "अगो, रत्नागिरी लाव."

समुद्राकाठची लांब लहर

रत्नागिरी लागली ती मध्यमलहरींवर, म्हणजे गाडीच्या रेडिओवर 'एएम' असं लिहिलेलं असतं त्या पट्ट्यावर. आपल्या पिढीतल्या अनेकींनी हा पट्टा वर्षानुवर्षं लावलेला नसतो. सगळा कारभार एफएमवर. पण या दोन पट्ट्यांचे स्वभाव दोन जावांसारखे वेगळे आहेत, आणि ते समजले की निम्मं काम होतं.

मध्यमलहरी लांबलचक असतात. तेव्हा पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर लागे. त्याच्या एका लहरीची लांबी जवळजवळ ३८० मीटर भरते. एवढी लांब लहर जमिनीला धरून, टेकाडाला वळसा घालून पुढे जाते. जमीन ओली असेल तर आणखी लांब जाते, आणि खाऱ्या पाण्यावरून तर सगळ्यांत लांब. म्हणून किनाऱ्याकाठच्या गावांत मध्यमलहरींवरची केंद्रं चांगली ऐकू येतात, आणि तीच लहर कोरड्या कातळातून जाताना लवकर दमते.

एफएमच्या लहरी आखूड. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या या पट्ट्यात एका लहरीची लांबी साधारण तीन मीटर. या लहरी बऱ्याचशा उजेडासारख्या वागतात. प्रक्षेपणाच्या मनोऱ्यापासून सरळ रेषेत निघायचं आणि मध्ये डोंगर आला की अडायचं. कंदिलासमोर कुणी उभं राहिलं की मागे सावली पडते ना, तशी डोंगरामागे एफएमची सावली पडते. त्या सावलीत गाडी शिरली की गाणं गेलंच. रेडिओ कितीही महागाचा असला तरी त्या सावलीत तो काही करू शकत नाही.

हातखंब्याच्या तिठ्यावरून आम्ही कोल्हापूरच्या रस्त्याला लागलो. पाली गेली, साखरपा आला. तिथवर रत्नागिरी खणखणीत. सासूबाई काच थोडी खाली करून बसल्या होत्या. शेणाचा वास आला की "गाव लागला वाटतं" म्हणत, आणि गार वारा लागला की "झाडी आली." बाकी जगाशी त्यांचा दुवा म्हणजे तो रेडिओ.

आंबा घाट

साखरप्याच्या पुढे आंबा घाट सुरू होतो. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला खाली पसरलेलं कोकण. पावसाळा नुकताच सरलेला, त्यामुळे कड्यांवर गवत अजून पोपटी होतं. पहिल्या दोन-तीन वळणांवर निवेदिकेचा आवाज बारीक झाला. मग एका वळणावर परत आला, पुढच्यावर गेला. कड्याची भिंत आमच्या आणि समुद्राच्या मध्ये आली की खरखर वाढे; दरीची बाजू उघडी झाली की आवाज वर येई.

ह्यांनी एफएम लावून 'सीक'चं बटण दाबलं. आकडे ८८ पासून १०८ पर्यंत भराभरा पळाले, परत पहिल्यापासून सुरू झाले, आणि कुठे थांबायचं नाव नाही. त्यात रेडिओची चूक नव्हती. त्या घळीत जोरकस लहर पोचतच नव्हती. पुष्कळ रेडिओंत 'लोकल' नावाची एक सोय असते. ती चालू असेल तर रेडिओ फक्त जोरदार केंद्रांवर थांबतो आणि अशक्त केंद्रं ओलांडून जातो. शहरात ती बरी, घाटात बंद ठेवावी. तेवढं केलं तरी हळू आवाजाचं एखादं केंद्र सापडतं.

आणि एक हिशेब लक्षात ठेवा, हा संसाराच्या हिशेबापेक्षा महत्त्वाचा. ताशी ६० किलोमीटरने गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर पुढे जाते. बटण शोधायला चालवणाऱ्याने दोन सेकंद मान खाली घातली, तर तेवढ्यात गाडी ३३ मीटर आंधळी धावते. घाटात एवढ्या अंतरात अख्खं वळण येतं. म्हणून आमच्या घरी तेव्हापासून नियम आहे: चालत्या गाडीत रेडिओला हात लावायचा तो शेजारी बसलेल्याने. चालवणाऱ्याचे दोन्ही हात चाकावर.

मी हात पुढे केला आणि पुन्हा मध्यमलहरी लावल्या. नुसती खरखर आणि तिच्या तळाशी कुठेतरी पेटीचा सूर. ह्यांनी "बंद कर ग, डोकं दुखतंय" म्हटलं. तर सासूबाई हळूच म्हणाल्या, "राहू दे रे. ती खरखरपण रत्नागिरीचीच आहे."

यावर कुणी काय बोलणार? घाट संपून आंबा गाव येईपर्यंत आम्ही ती खरखर ऐकत होतो. मलकापूरच्या पुढे तीही विरली. सासूबाईंनी काच वर केली आणि विचारलं, "गेली ना?" मी म्हटलं, "गेली, आई." त्यांनी पदराने नाक पुसलं आणि पदरातल्या ट्रान्झिस्टरवरून हात फिरवत राहिल्या. पन्नास-पंचावन्न वर्षांचं घर सोडल्याचं त्यांना पुलावर कळलं नव्हतं की तिठ्यावर कळलं नव्हतं. कळलं ते त्या क्षणी.

समईची ज्योत आणि टाळाचा ठेका

बांबवड्याच्या पुढे एका चढावर गाडी आली आणि एफएमवर एकदम कोल्हापूर लागलं. हळूहळू वाढत नाही, दार उघडल्यासारखं. आकाशवाणी कोल्हापूर १०२.७ वर, मग ९४.३ आणि ९८.३ वरची खासगी केंद्रं. रांगड्या कोल्हापुरी बोलीत एक मुलगा बडबडत होता. सासूबाईंना हसू आलं. म्हणाल्या, "हा बघ कसा कानात बसून बोलल्यासारखा बोलतोय. आमची रत्नागिरी अशी घोगरी का मग?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मध्यमलहरींवर आवाज पाठवतात तो लहरीचा जोर कमी-जास्त करून. समईच्या ज्योतीने खुणा कराव्यात तसं. ज्योत मोठी, ज्योत लहान. आता वाऱ्याची झुळूक आली तर ज्योत तशीही हलणारच. वीज चमकली, तारेत ठिणगी पडली, कुणी शेगडीचं बटण दाबलं, की लहरीच्या जोरात ढवळाढवळ होते आणि आपल्याला कडकड ऐकू येते. एफएमचं तसं नाही. तिथे जोर तोच राहतो. बदलते ती लहरींची गती, जसा टाळाचा ठेका जलद-सावकाश होतो. वाऱ्याने ज्योत हलते, पण ठेका हलत नाही. म्हणून एफएम स्वच्छ. एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन माणसाने ही पद्धत शोधून १९३३ साली तिचे हक्क मिळवले. आपल्याकडे एफएमचं पहिलं प्रक्षेपण २३ जुलै १९७७ रोजी मद्रासला झालं. बरोबर पन्नास वर्षं आधी, २३ जुलै १९२७ रोजी, मुंबई केंद्र सुरू झालं होतं.

म्हणजे एक जाऊ स्वच्छ, टापटीप, पण डोंगराआड न जाणारी. दुसरी घोगरी, पण लांबच्या वाडीवस्तीपर्यंत चालत जाणारी. घराला दोघी लागतात.

कोल्हापूरला पोटपूजा करून आम्ही हमरस्त्याला लागलो. पेठ नाक्यापर्यंत कोल्हापूर टिकलं, मग पातळ झालं. एफएमवर काही नाही म्हणताना मी पुन्हा मध्यमलहरी लावल्या, तर सांगली लागलं आणि त्यापलीकडे पुणेही बारीक आवाजात हजर. कराडच्या आसपास रस्त्यावरून विजेच्या उच्चदाबाच्या तारा जातात. त्यांच्याखाली गाडी आली की मध्यमलहरींवर 'घुर्र' असा आवाज होई आणि तारा मागे पडल्या की थांबे. सासूबाईंनी तो आवाज दोनदा ऐकला आणि तिसऱ्यांदा त्याच सांगायला लागल्या, "तारा आल्या बघ." आम्ही वर पाहावं तर खरंच डोक्यावर तारा.

साताऱ्याला आकाशवाणीचं तिथलं एफएम, १०३.१ वर. खंबाटकीचा बोगदा आला तेव्हा मध्यमलहरींवर पुणे लावलेलं होतं. तोंडाशीच आवाज गडप झाला. ३८० मीटर लांबीची लहर त्या लहानशा तोंडातून आत कशी शिरणार? एफएमची तीन मीटरची लहर थोडं अंतर आत येते, मग तीही दमते. सासूबाई म्हणाल्या, "बोगदा संपला की सांगू नका, मला कळेल." बाहेर पडताक्षणी बातम्या सुरू झाल्या आणि त्या म्हणाल्या, "संपला."

खेड-शिवापूरला डाव्या हाताला सिंहगड दिसतो, त्यावरचा दूरदर्शनचा मनोरा दिसतो. मनोरे डोंगरावर का बांधतात हे आता तुम्हाला सांगायला नको. कंदील जेवढा उंच टांगावा तेवढी सावली कमी. कात्रज उतरताना पुण्याची सगळी एफएम केंद्रं एकदम कोकलायला लागली. मुलं खूष. पदरातला ट्रान्झिस्टर तसाच.

खरखरीच्या जाती

त्या प्रवासापासून मी खरखरीकडे कान देऊन ऐकायला लागले. तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून जाती सांगते.

वळणावळणाला येते आणि जाते ती डोंगराची. तिला औषध नाही. मध्यमलहरी लावून बघाव्यात.

शहरात सिग्नलला गाडी थांबली आणि नेमकं तेव्हाच एफएम फाटलं, तर समजावं की मनोऱ्याकडून सरळ आलेली लहर आणि इमारतीवर आपटून आलेली लहर एकमेकींना खाताहेत. गाडी दोन हात पुढे घेतली की आवाज परत येतो. चालत्या गाडीत हेच 'फट् फट् फट्' असं ऐकू येतं.

दोन केंद्रं आलटून-पालटून ऐकू येतात ती खरखर नव्हे, ते भांडण. मुंबई-पुणे रस्त्यावर याचा अनुभव घ्या. ९८.३ आणि ९१.१ या आकड्यांवर मुंबईतही केंद्र आहे आणि पुण्यातही. लोणावळ्याच्या आसपास एका वळणावर मुंबईची जाहिरात, दुसऱ्यावर पुण्याची. एफएमचा स्वभावच असा, की दोघींत जिचा जोर जास्त तिचंच ऐकायचं, दुसरीला पार गप्प करायचं. म्हणून दोन्ही मिसळत नाहीत, झटकन उलटतात.

गाडीचा वेग वाढवला की जिची पट्टी चढते, ती कुईंकुईं गाडीच्याच इंजिनाची किंवा वीज तयार करणाऱ्या यंत्राची. ती दुरुस्तीवाल्याला सांगावी.

आणि गाडी उभी असतानाही, मोकळ्या मैदानातही जी जात नाही, तिच्यासाठी आधी मोबाईलचा चार्जर काढा. डॅशबोर्डवर कॅमेरा लावला असेल तर त्याची वायर काढा. स्वस्तातले चार्जर आणि दिवे मध्यमलहरींवर फार गोंधळ घालतात. तरी गेली नाही तर एरियल बघा. आमच्या एका नातेवाईकांच्या गाडीत काहीच लागेना. दुकानदाराने नवा संच घ्या म्हणून सांगितलं, किंमतही मोठी सांगितली. त्यांच्या सूनबाईंनी टपावरची काडी हाताने फिरवून पाहिली, तर ती आट्यांतून सैल झालेली. गाडी धुणाऱ्याने काढून नीट बसवली नव्हती. घट्ट केली आणि सगळी केंद्रं लागली. खर्च शून्य. तीन मीटरच्या लहरीला साधारण पाऊण मीटरची काडी चांगली मानवते. ती काढून टाकून शोभेचा माशाच्या परासारखा तुकडा नुसता चिकटवला, तर रेडिओचे कान कापल्यासारखं होतं. असा पर घ्यायचाच तर आतून तार जोडलेला आणि विजेची जोडणी असलेला घ्यावा.

परदेशातून कुणी प्रेमाने गाडीचा रेडिओ आणला तर तोही पारखून घ्या. अमेरिकेतले संच मध्यमलहरींवर दहा-दहा किलोहर्ट्झची पावलं टाकतात. आपल्याकडची केंद्रं नऊ-नऊच्या पाढ्यात बसवलेली आहेत. ७९२ हा आकडा नऊच्या पाढ्यात येतो, दहाच्या येत नाही. एफएमवरही ते संच दशांशानंतर विषम आकडेच घेतात, म्हणजे मुंबईची १०२.८ वरची विविध भारती त्यांच्यावर बरोबर लागायची नाही. बऱ्याच संचांत प्रदेश बदलायची सोय असते, ती पुस्तिकेत शोधावी. जपानहून आलेल्या जुन्या गाडीत एफएमचा पट्टा नव्वदच्या आसपासच संपतो.

घरातली वडीलधारी माणसं बरोबर असतील तर आणखी दोन बटणं ओळखून ठेवा. 'बास' कमी आणि 'ट्रेबल' थोडा जास्त केला की बोलणं स्पष्ट होतं. आवाज मोठा करण्यापेक्षा हे बरं. मागे मूल झोपलं असेल तर 'फेडर' पुढे सरकवा, म्हणजे मागचे कर्णे गप्प होतात. आणि आवाज इतकाच ठेवा, की मागच्या गाडीचा हॉर्न काच बंद असतानाही ऐकू यावा.

रात्री पार्किंगमध्ये

पुण्याला आल्यावर सासूबाईंचं खाणं कमी झालं. तक्रार नाही, रुसवा नाही. पण दिवस कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो हेच त्यांना कळेना. पहाटे तीनला उठून बसत, संध्याकाळी पाचला झोपायचं म्हणत. मुलीने मोठ्या हौसेने एफएम लावून दिलं, तर सकाळ-दुपार-रात्र तीच गाणी. ट्रान्झिस्टरवर फ्लॅटमध्ये मध्यमलहरी धड लागत नव्हत्या. सिमेंटच्या भिंतींतल्या सळ्या लहर अडवतात, आणि घरातल्या दिव्यांची, चार्जरची, टीव्हीची गुणगुण तिच्यात मिसळते. खिडकीत ठेवला की पुणे ऐकू येई, रत्नागिरी नाही.

मग एके रात्री साडेनऊला मला सुचलं ते केलं. त्यांना शाल गुंडाळली, लिफ्टने खाली आणलं, आणि आमच्याच उभ्या गाडीत पुढच्या सीटवर बसवलं. गाडी पार्किंगच्या छताबाहेर मोकळ्यावर होती. इंजिन बंद, चार्जर काढलेला, फक्त रेडिओ चालू. दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातला एक थर मध्यमलहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, आणि त्याहूनही वर आयनांबराचा जो थर असतो, त्यावरून लहरी परतून शेकडो मैलांवर उतरतात. म्हणून रात्री लांबलांबची केंद्रं लागतात. आधी गुजराती आलं, मग कानडी, मग कुठलंसं भजन. काटा अगदी सावकाश नेत गेले. एका जागी खरखरीतून एक बाईचा आवाज वर आला, विरला, पुन्हा आला. सासूबाई ताठ बसल्या.

"हीच," त्या म्हणाल्या. "हिचा आवाज मी ओळखत्ये."

दहा मिनिटं लागली, दहा मिनिटं गेली, असं चाललं. लाटेसारखं येणं-जाणं हे रात्रीच्या लहरींचं लक्षणच आहे. अर्ध्या तासाने मी रेडिओ बंद केला, कारण इंजिन बंद असताना तो बॅटरी खातो आणि सकाळी गाडी सुरू व्हायला हवी. त्यांनी हट्ट केला नाही. वर आल्यावर दूध मागून घेतलं आणि सकाळी सहापर्यंत झोपल्या.

त्या थंडीत आम्ही आठवड्यातून दोन-तीनदा तरी खाली जात होतो. कधी लागे, कधी नाही. वॉचमनला पहिल्यांदा काळजी वाटली, मग तोही स्टूल घेऊन येऊन बसू लागला. तो बीडकडचा, त्याला औरंगाबाद हवं असे. ते लागलं की सासूबाई म्हणत, "आज ह्याची पाळी."

हळूहळू सासूबाई पुण्याला रुळल्या. सकाळच्या बातम्यांना चहा, असा पुणे केंद्राचाही क्रम त्यांनी पाठ केला. ज्या पुणे केंद्राने १९५५ साली रामनवमीपासून आठवड्याला एक असं गीतरामायण सुरू केलं, ते त्यांना नवखं नव्हतंच. शेजाऱ्यांच्या ओटीवर बसून ते ऐकलेल्या बायकांतल्या त्या एक.

त्यानंतर काळ बराच बदलला. देशातले अनेक मध्यमलहरी प्रक्षेपक गेल्या काही वर्षांत बंद झाले आणि भर एफएमवर आला. विजेवर चालणाऱ्या काही गाड्यांत तर मध्यमलहरींचा पट्टाच देत नाहीत, कारण गाडीच्या मोटरीचाच त्यात गोंधळ होतो. आकाशवाणीची अनेक केंद्रं आता मोबाईलच्या ॲपवर स्वच्छ ऐकू येतात. सोय मोठी आहे, पण मोबाईलला रेंज लागते, आणि घाटात दरड कोसळून रस्ता अडला की नेमकी तीच नसते. म्हणून गाडी घेताना विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारा: यात एएम आहे का? ज्यांच्या घरातून डोंगराआडच्या गावी जाणं-येणं आहे, त्यांनी तर विचाराच.

आणि आपल्या यादीत एक कागद वाढवा. जायच्या वाटेवर कुठल्या गावाला कुठलं केंद्र, कितीच्या आकड्यावर, हे ओळीने लिहून हातमोज्यांच्या कप्प्यात ठेवा. निघण्यापूर्वी, गाडी उभी असतानाच, ते आकडे रेडिओच्या एक ते सहा बटणांत भरून टाका. बटण दाबून धरलं की आकडा त्यात बसतो. मग वाटेत शोधाशोध नको. वळणावर खरखर सुरू झाली तर बटणांकडे बघू नका, खिडकीबाहेर बघा. डोंगर कुठल्या बाजूला आहे ते दिसेल, आणि तो कधी सरेल याचाही अंदाज येईल.